नाव एक, दप्तरे सात

नंदगडच्या मातीला सरकारी कागदाची झळ नवी नाही. २६ जानेवारी १८३१ रोजी संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी याच गावाच्या परिसरात फाशी दिले. कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या या शूर सेवकाची स्वतःची जमीन सरकारजमा झाली होती आणि त्याच्या बंडात कंपनी सरकारच्या कचेऱ्यांना आगी लागल्या होत्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असे कोण म्हणेल? जमीन कसणाऱ्याची की दप्तरात ज्याचे नाव आहे त्याची, हा प्रश्न तेव्हाही जिव्हाळ्याचा होता आणि आज जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही आहे. फरक इतकाच की तेव्हाचे दप्तर लाल फडक्यात बांधलेले असे, ते डोळ्यांना दिसे, त्यातील चूक बोट ठेवून दाखविता येई. आजचे दप्तर बंगळूरच्या यंत्रात आहे; आणि ते एकही नाही. अनेक दप्तरे आहेत, ती परस्परांशी तारांनी जोडलेली आहेत, आणि त्यांच्या आपसातील संभाषणावर नंदगडच्या शेतकऱ्याचे पीककर्ज, नुकसानभरपाई व शिधा अवलंबून आहे. हे संभाषण कोणत्या नियमांनी चालते, हा विषय केवळ संगणक-तंत्रज्ञांचा आहे असे मानण्याची चूक आपण करू नये.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. खानापूर तालुका १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. इथल्या मराठी घरात आजोबांच्या पेटीत मराठीतले, क्वचित मोडीतले कागद असतात. वडिलांच्या नावचा उतारा तलाठ्याने कानडीत लिहिलेला असतो. मुलाचा उतारा कानडीतच, पण संगणकातून निघालेला. त्याच्या आधारपत्रावर नाव कानडीत आणि रोमन लिपीत. बँकेच्या पुस्तकात केवळ रोमन लिपीत. आणि शाळेच्या दाखल्यावर, शाळा मराठी असल्यास, देवनागरीत. ज्ञानेश्वर हे नाव मराठी कारकून रोमन लिपीत 'डी'ने सुरू करतो, कानडी कारकून 'जे'ने, आणि उत्तरेकडे घडलेली प्रणाली 'जी'ने. परशुरामाचा घरात परशराम होतो आणि शेजारी त्याला परशा म्हणतात. माणूस एकच, त्याचा अंगठाही एकच. परंतु अक्षरांवर विसंबणाऱ्या यंत्राच्या लेखी ती तीन-चार माणसे असतात.

या दप्तरांचा इतिहास निंदेचा नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. या शतकाच्या आरंभी कर्नाटकाने 'भूमी' योजनेखाली सुमारे ६७ लाख खातेदारांचे सुमारे २ कोटी उतारे संगणकात नेले. राजीव चावला या सनदी अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली झालेले ते काम देशभर वाखाणले गेले. हाताने लिहिलेला उतारा रद्द ठरला आणि १५ रुपये भरून कोणालाही तालुक्याच्या ठिकाणी छापील उतारा मिळू लागला. फेरफाराचे अर्ज आले त्या क्रमानेच निकालात काढावेत अशी व्यवस्था प्रणालीतच करण्यात आली. आणि जी गोष्ट आजच्या विषयाला थेट भिडते ती अशी की, नोंद बदलणाऱ्या कर्मचाऱ्याला आपले बोट यंत्रावर टेकवूनच आत शिरता येई. उद्या 'मी ती नोंद केलीच नाही' असे म्हणण्याची सोय त्याला राहू नये, हा हेतू. तलाठ्याच्या मर्जीचा आणि चिरीमिरीचा जाच ज्यांनी भोगला आहे त्यांना या सुधारणेचे मोल सांगावे लागत नाही.

अडचण पुढे सुरू झाली. एका दप्तराने भागेना. खरेदीखताच्या नोंदणीसाठी 'कावेरी' आली. शेतकऱ्याला एक ओळख क्रमांक देणारी 'फ्रूट्स' ही नोंदवही आली. शिधापत्रिकांचे दप्तर आधीच होते. त्याच्या आधारे घराघराची जंत्री ठेवणारे 'कुटुंब' उभे राहिले. सहकारी सोसायट्या आणि बँका यांचे कर्जखाते वेगळे. या सर्वांवर केंद्र सरकारचा आधार क्रमांक. पहिले आधारपत्र २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच मराठी मुलुखात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिले गेले, हे पुष्कळांना स्मरत असेल. भूमी, कावेरी, फ्रूट्स, शिधा, कुटुंब, बँक आणि आधार अशी ही सात दप्तरे झाली. २०१८ साली कर्नाटकाने पीककर्जमाफी दिली तेव्हा सहकारी कर्जाला १ लाखाची आणि व्यापारी बँकांच्या कर्जाला २ लाखांची मर्यादा होती. कोणाला किती द्यावयाचे हे ठरविण्यासाठी उतारा, शिधापत्रिका, आधार आणि बँकखाते एकमेकांशी ताडून पाहावे लागले. त्या दिवसापासून सीमाभागातील शेतकऱ्याच्या भाग्याची दोरी या जुळणीच्या हाती गेली असे म्हटले तरी चालेल.

ही जुळणी कशी होते? संगणकशास्त्रात 'ओळख-व्यवस्थापन' नावाची एक शाखा आहे. कोण माणूस कोणता, त्याला कोणत्या दालनात शिरण्याचा अधिकार, आणि तो अधिकार केव्हा संपतो, याचा हिशेब एका जागी ठेवणारी मध्यवर्ती प्रणाली असावी आणि बाकीच्या प्रणालींनी तिचे ऐकावे, हे तिचे मुख्य सूत्र. नवी प्रणाली बांधताना तिला एक दर्शनी दरवाजा ठेवतात. बाहेरून आलेली विनंती त्या दरवाजातून आत येते, तपासली जाते आणि मगच नोंद होते. परंतु जुन्या प्रणालींना बहुधा असा दरवाजाच नसतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी घाईघाईने उभारलेली, जिचा मूळ कर्ता कधीच निघून गेला आहे अशी प्रणाली असते. हाती राहतात ते तिच्या पोटातले तक्ते, म्हणजेच डेटाबेस. मग मध्यवर्ती प्रणाली त्या तक्त्यांतच थेट हात घालते. एखाद्या रकान्यातून नाव उचलते, दुसऱ्यात क्रमांक लिहिते, तिसऱ्यात 'चालू'चे 'बंद' करते.

हा मार्ग निषिद्ध आहे असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळदा तोच एकमेव मार्ग असतो. परंतु तो मागच्या दाराचा मार्ग आहे याचे भान सुटता कामा नये. प्रणालीचे नियम तिच्या कार्यक्रमात लिहिलेले असतात. ठरलेल्या मुदतीची नोटीस झाल्याशिवाय फेरफार मंजूर होणार नाही, वरिष्ठाने पाहिल्याशिवाय नाव कमी होणार नाही, असे ते नियम. तक्त्यात परस्पर लिहिणारा या साऱ्या पहाऱ्याला वळसा घालतो. कुलकर्ण्याच्या अनुपस्थितीत कोणी त्याची पेटी उघडून वहीत एक ओळ घालावी, तसेच हे. ओळ खरी असेलही. पण ती कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे घातली हे वही सांगू शकणार नाही.

म्हणून जाणते तंत्रज्ञ चार पथ्ये पाळतात. मूळ तक्ता परक्याला उघडा करीत नाहीत. आवश्यक तेवढेच रकाने दाखविणारी एक खिडकी ठेवतात. लिहावयाचे झाल्यास मधल्या एका तक्त्यात विनंती टाकतात आणि मूळ प्रणालीने ती आपल्या नियमांनी तपासून स्वीकारावी अशी योजना करतात. या कामासाठी वेगळे, मोजक्या अधिकारांचे खाते देतात आणि त्याच्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवतात. आणि चौथे म्हणजे, व्यापारी जसा दिवसाअखेर रोजमेळ घालतो तसा दोन्ही दप्तरांचा मेळ नियमाने घालतात. न जुळणारी नोंद पुसून न टाकता माणसापुढे ठेवतात. पेढीवरच्या दिवाणजीला जे शहाणपण आहे ते यंत्राला शिकविण्यात अवघड काही नाही; शिकविण्याची इच्छा हवी.

न जुळणाऱ्या नोंदीचे काय करावयाचे, हाच या प्रकरणाचा गाभा होय. नंदगडकडील एक सामान्य रीत घ्या. नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. आजोबा नागाप्पा परशराम पाटील. मुलगा परशराम नागाप्पा पाटील. आणि नातू पुन्हा नागाप्पा परशराम पाटील. आजा आणि नातू यांचे संपूर्ण नाव अक्षरशः एक. आजोबा वारले, मृत्यूची नोंद झाली, आणि नावावरून जुळणी करणाऱ्या यंत्राने ती नातवाच्या खात्यावर चढविली, तर हयात नातू कागदावर मेला. उलट घडले, तर मेलेले आजोबा पंचवीस वर्षांच्या मुलाचा क्रमांक घेऊन पुन्हा शेत करू लागले. एकाच नावाच्या दोघांपैकी भलत्यालाच यमदूतांनी उचलून नेल्याच्या कथा आपण लहानपणी ऐकल्या आहेत. त्या कथांत चित्रगुप्त वही पुन्हा चाळतो, चूक कबूल करतो आणि माणसाला परत पाठवितो. आमच्या चित्रगुप्ताला वही चाळण्याची आज्ञा कोणी दिलेली नाही.

'मग नावावर विसंबूच नये, क्रमांकच घ्यावा', असे उत्तर यावर तत्काळ येईल. क्रमांक हा नावापेक्षा भरवशाचा, यात शंका नाही. आधारच्या बारा अंकांतील शेवटचा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला तपासणीचा अंक असतो. त्यामुळे लिहिताना एखादा अंक चुकल्यास यंत्र ते ओळखते. परंतु घाईतल्या कर्मचाऱ्याने शेजाऱ्याचाच बरोबर क्रमांक भलत्या उताऱ्यावर चढविला तर तो अंक काय करणार? क्रमांक खरा, माणूस चुकीचा! पैशाच्या बाबतीतही तेच. आधारद्वारे येणारी रक्कम ज्या खात्याशी तो क्रमांक शेवटी जोडला गेला त्या खात्यात जाते. २०१७ साली एका पेमेंट बँकेने लोकांना नीट न कळविता त्यांची खाती उघडली आणि स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान तिकडे वळले, तेव्हा कित्येकांना आपला पैसा कोठे गेला हेच उमजले नव्हते. 'पीएम-किसान'चे वर्षाला मिळणारे ६ हजार रुपये ही शहरातल्या वाचकाला क्षुल्लक रक्कम वाटेल. पावसाच्या तोंडावर बियाण्यासाठी हात पसरणाऱ्याला ती क्षुल्लक नसते.

दप्तराची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ओळख केवळ शेतकऱ्याची तपासावयाची नसते. दप्तर हाताळणाऱ्याचीही तपासावयाची असते. तलाठी बदलून गेला, कारकून निवृत्त झाला, कंत्राटी संगणक-चालकाचा करार संपला. त्यांच्या किल्ल्या त्याच दिवशी परत घेतल्या काय? पगाराच्या दप्तरात बदली नोंदली गेली, पण जमिनीच्या दप्तरात जुने खाते तसेच जिवंत राहिले, तर त्या बेवारस खात्यातून कोणीही आत शिरू शकतो. मध्यवर्ती ओळख-प्रणालीचा सर्वांत मोठा उपयोग येथेच आहे. तिने सेवेच्या नोंदीवरून प्रत्येक दप्तरातील किल्ली आपोआप काढून घेतली पाहिजे. दुर्दैवाने सरकारला नागरिकाची ओळख पडताळण्याची जितकी घाई असते तितकी स्वतःच्या सेवकांची पडताळण्याची नसते.

गोमंतकीय वाचकाला हा परक्या घरचा प्रश्न वाटू नये. पोर्तुगीज आमदानीतील नोंदवह्यांत आमच्या कामतांचे 'कामोतिम' झाले आणि शणैंचे 'सिनाय'. मुक्तीनंतर जमिनीची नवी मोजणी होऊन एक आणि चौदाचे उतारे तयार झाले. पण जुन्या वहीतील 'कामोतिम' आणि नव्या उताऱ्यातील कामत हे एकच, हे सिद्ध करता करता पिढ्या खर्ची पडल्या. बनावट कागदांच्या साह्याने जमिनी लाटल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०२२ साली गोवा सरकारला त्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. नावांचा घोळ असला की खरा मालक हेलपाटे घालतो आणि तोतया वाट काढतो, हा धडा घाटाखाली आणि घाटावर सारखाच लागू आहे.

मृतांच्या नावावर उतारे तसेच राहू देऊन कारभार चालणार नाही, हे सरकारचे म्हणणे रास्त आहे. वारसांनी वर्षानुवर्षे फौती नोंद केली नाही, भाऊबंदकीत वाटण्या अडकल्या, याचा दोष यंत्रावर टाकता येणार नाही. २०२४ साली कर्नाटकाच्या महसूल खात्याने उताऱ्यांना आधार जोडण्याची जी मोहीम हाती घेतली तिच्यामागे हीच अडचण होती. तोतया लाभार्थी हुडकून काढणे हेही योग्यच. आमचा आक्षेप हेतूला नाही; पुराव्याचा भार कोणावर, याला आहे. दोन दप्तरांत मेळ नाही याचा अर्थ माणूस खोटा असा लावता येत नाही. दोन्ही दप्तरे सरकारची, दोन्हींतील अक्षरे सरकारी कारकुनाने लिहिलेली. मग त्यांच्यातील विसंगतीचा दंड त्या माणसाने का भरावा?

जगात याहून बरी रीत आहे. एस्टोनिया हा जेमतेम तेरा लाख वस्तीचा देश. तेथे २००१ पासून 'एक्स-रोड' नावाची व्यवस्था चालते. प्रत्येक खात्याचे दप्तर त्याच्याच घरी राहते. दुसऱ्या खात्याला माहिती हवी असल्यास ते प्रश्न विचारते आणि उत्तर घेते. प्रश्नोत्तरावर मोहोर उमटते आणि त्याची नोंद राहते. आपली माहिती कोणी पाहिली, हे नागरिकाला पाहता येते. तो देश लहान आहे, तेथे सीमाभागासारखा लिप्यांचा गुंता नाही, हे खरे. पण तत्त्वाला लोकसंख्येची अट नसते. शिवाय आपल्याकडेही या दिशेने पाऊल पडले आहे. आधार क्रमांक ज्या संस्थांकडे साठविला जातो त्यांनी तो एका बंदिस्त, सांकेतिक तिजोरीत ठेवावा आणि बाकी सर्व तक्त्यांतून त्याच्या जागी केवळ एक संदर्भ-चिन्ह वापरावे, असा आदेश आधार प्राधिकरणाने २०१७ सालीच काढला. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो दावा लावणारे न्या. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती. २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क तत्त्वतः मान्य केला आहे. म्हणजे तत्त्वांची वाण नाही. वाण आहे ती ही तत्त्वे तालुक्याच्या खिडकीपर्यंत पोहोचण्याची.

आणि येथे भाषेचा प्रश्न येतो. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. नंदगडच्या शेतकऱ्याला उतारा मात्र या हंगामात हवा आहे. म्हणून आम्ही त्या वादाचे धागे येथे ओढू इच्छित नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार कोणाही व्यक्तीला आपले गाऱ्हाणे संघात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येते. जेथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून अधिक आहेत तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राने १९५६ पासून मान्य केलेल्या संरक्षणात बसते. 'तुमची नोंद जुळत नाही, अमुक दिवसांत खुलासा करा' ही सूचना ज्याला वाचताच येत नाही त्याला ती मिळाली असे म्हणणे ही शुद्ध वंचना आहे. संगणकाला एका रकान्याऐवजी तीन रकाने ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. माणसाचे नाव त्याच्या स्वतःच्या लिपीत, राज्याच्या लिपीत आणि रोमन लिपीत, असे तिन्ही लेखन त्याच्या संमतीने एकदा पक्के करून सर्व दप्तरांनी तेच प्रमाण मानले, तर निम्मा घोळ जागच्या जागी मिटेल. कानडी शेतकऱ्यालाही त्याचा तितकाच उपयोग होईल. रोमन लिपीने त्याच्याही नावाची दैना केलीच आहे.

तेव्हा आमच्या सूचना अशा आहेत. कोणत्या गोष्टीचे मूळ दप्तर कोणते, हे सरकारने जाहीर करावे: जमिनीसाठी भूमी, मृत्यूसाठी जन्म-मृत्यू नोंद, नावासाठी माणसाने संमती दिलेले लेखन. मूळ दप्तर सोडून दुसऱ्या कोणी त्या रकान्यात लिहू नये. मेळ न बसलेली नोंद हे कारण दाखवून कोणाचाही लाभ आपोआप थांबवू नये; आधी त्याच्या भाषेत सूचना, मग समक्ष चौकशी, आणि निर्णय होईपर्यंत लाभ चालू. चौकशीसाठी शेतकऱ्याला बेळगावला किंवा खानापूरला हेलपाटे घालावयास न लावता नंदगडसारख्या बाजारगावी, बाजाराच्या दिवशी शिबिर भरवावे. तेथे मराठी, कानडी आणि जुने मोडी कागद वाचू शकणारा माणूस असावा. आणि दुरुस्ती एकदा झाली की ती सातही दप्तरांत पोहोचविण्याची जबाबदारी खात्याची असावी. एकच कागद घेऊन सात खिडक्यांपुढे उभे राहण्याची शिक्षा शेतकऱ्याला नको.

दप्तरे जोडणे हे वाईट काम नव्हे. नीट जोडली तर गरिबाचे हेलपाटे वाचतात आणि लबाडाची वाट बुजते. परंतु जोडणारा हात जेव्हा मागच्या दाराने शिरतो, कोणाला विचारीत नाही आणि चुकल्यास उत्तर देण्यास समोर उभा राहत नाही, तेव्हा ती जुळणी राहत नाही, अंमलदारी होते. नंदगडच्या नागाप्पाला आपण कोण हे ठाऊक आहे, त्याच्या शेजाऱ्यांना ठाऊक आहे, त्याच्या बांधालाही ठाऊक आहे. ते ज्याला ठाऊक नाही त्या दप्तराने नागाप्पाला खोटे ठरविण्यापूर्वी एकदा त्याच्या दारात जाऊन विचारावे, एवढीच आमची मागणी आहे.